कोवळ्या शेंड्यावर काय काय चालतं

गुलाबाला नवी फूट आली की पहिले चार-सहा दिवस शेंडा तांबूस, लुसलुशीत दिसतो. मग एके सकाळी कळीच्या देठाला हिरवे ठिपके चिकटलेले दिसतात. "मावा पडला" म्हणून बहुतेक जण लगेच फवारा शोधायला जातात. माझी एक विनंती आहे. बाकीचं झाड हवं तर धुऊन काढा, पण एक शेंडा राखून ठेवा आणि त्याच्याकडे रोज पाच मिनिटं बघा. वसंतात घराच्या आसपास जे लहानसहान जीव जागे होतात, त्यांचे किती तरी व्यवहार त्या वीतभर शेंड्यावर उघड्यावर चालतात. ते बघायला जंगलात जावं लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं एक साधं भिंग आणि त्याच जागेवर पुन्हा पुन्हा येण्याची चिकाटी, एवढं असलं तरी भागतं.

भिंगाखाली त्या ठिपक्याला सहा पाय, लांब मिशा आणि पाठीच्या टोकाला दोन बारीक नळकांडी दिसतात. सोंड देठात रुतलेली असते. थोडा वेळ थांबलं, तर एखादी भरदार मादी बूड किंचित उचलून बसलेली सापडते. तिच्या मागून फिकट हिरवं काहीतरी हळूहळू बाहेर येत असतं. आधी वाटतं, विष्ठा असेल. मग अंगाशी घट्ट मिटलेले पाय एकेक करून सुटे होतात आणि लक्षात येतं की हे पिल्लू आहे, बुडाकडून जन्माला येतंय. पाय देठाला टेकतात, आईपासून ते सुटतं, चार पावलं चालतं आणि सोंड खुपसून बसतं. हा सगळा प्रकार मिनिटांत आटोपतो. मी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा श्वास रोखून धरला होता, कारण श्वासाच्या झुळकीनेही देठ हलत होता.

या वसाहतीत नर नसतो. वसंतातले सगळे मावे माद्याच असतात आणि नराशिवायच पिल्लं घालतात. हे सिद्ध केलं जिनिव्हाच्या शार्ल बॉने या तरुणाने, १७४० साली, वयाच्या विसाव्या वर्षी. त्याने नुकतंच जन्मलेलं एक पिल्लू एका डहाळीवर ठेवलं, वर काचेचं भांडं झाकलं आणि दिवसेंदिवस तिथे बसून नोंदी केल्या. नराचं तोंडही न बघितलेल्या त्या मादीने ९५ पिल्लं दिली. विषाणू, गुणसूत्रं यांतलं काहीही ठाऊक नसलेल्या काळात, नुसतं नीट बघून लागलेला हा शोध आहे.

माव्याची संख्या एवढ्या झपाट्याने का वाढते, याचं उत्तरही इथेच आहे. नर शोधायचा नाही, अंडं घालायचं नाही, उबवण्याची वाट बघायची नाही. आणखी एक गोष्ट आहे. आईच्या पोटात जी लेक वाढत असते, तिच्या पोटात तिच्या लेकींची वाढ आधीच सुरू झालेली असते. आजी, आई आणि नात एकाच कातडीत! हवा उबदार असली, तर जन्मलेलं पिल्लू आठ-दहा दिवसांत स्वतः आई होतं. देठाभोवती पांढरी भुकटी सांडल्यासारखी दिसते, तिला पुष्कळ जण पांढरी माशी समजतात. ती माव्याने टाकलेली कात असते. मोठं होईपर्यंत मावा चार वेळा कात टाकतो, म्हणून दाट वसाहतीखालची पानं त्या पांढऱ्या सालींनी भरून जातात.

आता हा सगळा कारभार कोवळ्या शेंड्यावरच का चालतो, ते बघू. पानात तयार झालेली साखर झाड रसवाहिन्यांमधून सगळीकडे पोचवतं. या रसावर मोठा दाब असतो, मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षा कितीतरी जास्त. मावा आपली केसाहून बारीक सुई पेशींच्या मधून वाट काढत नेमकी रसवाहिनीपर्यंत नेतो. एकदा टोचली की रस आपसूक आत ढकलला जातो. अडचण वेगळीच आहे. रसात साखर भरमसाट आणि अंग वाढवायला लागणारी अमिनो आम्लं फार थोडी. कोवळ्या वाढत्या शेंड्याकडे झाड ही आम्लं जास्त पाठवतं, कारण नवी पानं घडवायची असतात. मावाही त्याच मालावर डोळा ठेवून असतो. पान जून झालं की रसातला हा भाग कमी होतो आणि मावा तिथून काढता पाय घेतो.

तरी काही अमिनो आम्लं रसात पुरेशी नसतातच. ती मावा स्वतः बनवू शकत नाही. त्याच्या पोटातल्या खास पेशींमध्ये बुखनेरा नावाचे जिवाणू राहतात, ते बनवून देतात. हे जिवाणू आईकडून पिल्लाला जन्माआधीच मिळतात आणि माव्याबाहेर जगूच शकत नाहीत. ही भागीदारी कोट्यवधी वर्षांची आहे. म्हणजे आपण ज्याला एक ठिपका म्हणतो, ते दोन जिवांचं एकत्र कुटुंब आहे, आणि त्यातल्या एकाला दुसऱ्यावाचून जगता येत नाही.

उरलेल्या साखरेचं काय होतं? थोडीशी आम्लं मिळवायला मावा ढीगभर रस पितो आणि नको असलेली साखर मागून थेंबाथेंबाने टाकून देतो. गुलाबाखालची पानं चिकट, चकचकीत लागतात ती याच चिकट्याने. पुढे त्यावर काळी बुरशी धरते, तीच पानावरची काजळी. हाच गोड थेंब मुंग्यांना खेचून आणतो. मुंगी मिशांनी माव्याच्या पाठीवर हलकेच थापटते, मावा थेंब पुढे करतो, मुंगी तो चाटते आणि पुढच्या माव्याकडे जाते. गाय दोहण्याची उपमा सगळेच देतात, पण राखणीचा भाग जास्त बघण्यासारखा आहे. ढालकिडा शेंड्यावर उतरला की मुंग्या त्याच्या पायांना चावे घेतात, कडेने धरून ओढतात. ढालकिडा पाठ खाली दाबून कासवासारखा बसून राहतो. मुंग्या असलेला एक शेंडा आणि नसलेला एक शेंडा शेजारी शेजारी बघा. आठवडाभरात दोन्हीकडची माव्याची गर्दी वेगळी दिसू लागते.

ढालकिडा म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेला, लेडीबर्ड म्हणून ओळखला जाणारा भुंगा. ठिपक्यांवरून त्याचं वय कळतं असं पुष्कळांना वाटतं, ते खरं नाही. ठिपके जातीनुसार ठरतात आणि जन्मभर तेवढेच राहतात. कोषातून नुकताच निघालेला ढालकिडा मात्र फिकट पिवळा आणि बिनठिपक्यांचा असतो. रंग आणि ठिपके पुढच्या काही तासांत उमटतात. भल्या पहाटे कोषाजवळ बसलात, तर फोटोच्या कागदावर चित्र उमटावं तसं ते डोळ्यांसमोर घडताना दिसेल.

या भुंग्याला सगळे ओळखतात, पण त्याच्या अळीला फारसं कोणी ओळखत नाही, आणि गफलत होते ती इथेच. काळी, लांबट, अंगावर केशरी ठिपके आणि खरखरीत गाठी, चाल सुसरीसारखी. दिसायला भयंकर म्हणून लोक तिलाच आधी चिरडतात. प्रत्यक्षात मावा फस्त करण्यात ही अळी आपल्या आईबापांना हार जात नाही. मोठी होईपर्यंत ती शेकडो मावे खाते. पानामागे पिवळ्या, उभ्या, एकमेकींना खेटून लावलेल्या अंड्यांचा झुबका दिसला, तर तो तिचाच. आधी फुटलेल्या अळ्या शेजारची न फुटलेली अंडी खाऊन टाकतात. ही क्रूरता वाटते खरी, पण पहिला मावा हाती लागेपर्यंत तग धरायला त्यांच्याजवळ दुसरं काही नसतं.

शेंड्यावर आणखी एक शिकारी असतो आणि तो सहज नजरेतून सुटतो. हिरवट, अर्धपारदर्शक, बिनपायाची अळी. तिला डोळे नाहीत. तोंडाकडचं निमुळतं टोक ती डावी-उजवीकडे फिरवत चाचपडते, मावा लागला की त्याला पकडून देठावरून वर उचलते आणि हवेत अधांतरी धरून शोषते. मग रिकामी साल टाकून देते. ही सिरफिड माशीची अळी. तिची आई मधमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे घालून फुलांपुढे हवेत एका जागी स्थिर तरंगत असते. नांगी नाही, चावतही नाही. पट्टे निव्वळ धाक दाखवायला असतात. ओळखायची खूण पंखांची आहे: मधमाशीला चार पंख, माशीला दोन. त्याशिवाय पानाच्या कडेला पांढऱ्या धाग्याच्या टोकावर टांगलेले मोत्यासारखे सूक्ष्म ठिपके दिसले, तर ती क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या किड्याची अंडी आहेत. प्रत्येक अंडं स्वतंत्र दांड्यावर ठेवलेलं असतं, कारण पानावर फिरणाऱ्या भुकेल्या तोंडांपासून, त्यात स्वतःच्या भावंडांचीही तोंडं आली, ते लांब राहायला हवं.

आणि मग येते ती गांधीलमाशी. गांधीलमाशी म्हटल्यावर जी डोळ्यांसमोर येते ती नव्हे. ही दोन-तीन मिलिमीटरची, काळसर, पहिल्या नजरेत चिलटासारखी. ती माव्यासमोर उभी राहते, पोट स्वतःच्या पायांमधून पुढे वाकवते आणि क्षणभर माव्याला टोचते. त्या क्षणात अंडं आत गेलेलं असतं. मावा काही दिवस रस पीत राहतो, आत अळी वाढत राहते. शेवटी मावा फुगतो, सोनेरी-तपकिरी होतो आणि कागदी फुग्यासारखा कडक होऊन पानाला चिकटून बसतो. त्या पोकळ सालीत गांधीलमाशी कोष करते आणि पूर्ण वाढ झाल्यावर पाठीमागच्या बाजूला गोल झाकण कापून बाहेर पडते. झाकण कधी कधी बिजागरीवर लटकावं तसं तिथेच लटकत राहतं. काही सालींवरचं भोक मात्र गुळगुळीत नसतं, कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. बहुतेकदा त्याचा अर्थ असा, की माव्यात वाढणाऱ्या गांधीलमाशीच्या अळीवर दुसऱ्या जातीच्या गांधीलमाशीने डल्ला मारला आणि बाहेर आली ती ही दुसरी.

माव्यापाशीही बचावाचं एक साधन आहे. बारीक गवताच्या काडीने एखाद्याला हलकेच दाबा. पाठीवरच्या दोन नळकांड्यांच्या टोकाशी थेंब येतो. त्यात धोक्याची सूचना देणारा वास असतो, आपल्याला न कळणारा. शेजारचे मावे सोंड उपसून पळू लागतात, काही तर सरळ खाली उड्या टाकतात. हा प्रयोग एकदाच करावा. उगाच पुन्हा पुन्हा छळू नये.

शेंड्यावरून नजर थोडी खाली, गवताच्या किंवा रानफुलाच्या देठाकडे न्या. वसंतात तिथे कोणी थुंकल्यासारखा पांढरा फेस दिसतो. काडीने फेस बाजूला केला, तर आत फिकट हिरवा, मऊ, गोंधळलेला एक जीव सापडतो. तुडतुड्याच्या भाऊबंदांपैकी एकाचं हे पिल्लू. मावा रसवाहिनी टोचतो आणि हा जलवाहिनी टोचतो. फरक इथेच आहे. रसवाहिनीत दाब असतो, जलवाहिनीतलं पाणी मात्र मुळांपासून पानांपर्यंत ताणलेल्या दोरीसारखं वर खेचलं जात असतं. ते आपसूक येत नाही, ओढून घ्यावं लागतं. त्यासाठी या पिल्लाच्या डोक्यात पंपासारखे दणकट स्नायू असतात आणि ते वातावरणाच्या दाबाच्या दहापटीहून जास्त ताणाविरुद्ध पाणी ओढू शकतात. त्या पाण्यात अन्न जवळजवळ नसतंच, म्हणून अफाट पाणी प्यावं लागतं आणि तेवढंच टाकावं लागतं. टाकलेल्या पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळून त्याचा फेस होतो. तोच त्याला सुकण्यापासून आणि शिकाऱ्यांपासून वाचवतो. मोठा झाला की हाच जीव सहा मिलिमीटरच्या अंगाने सत्तर सेंटिमीटर उंच उडी मारतो. फेस उघडलात, तर लगेच निघून जा, म्हणजे तो पुन्हा फेस करायला लागेल.

हे सगळे जीव एकाच सुमाराला कसे येतात, हा प्रश्न इथवर वाचणाऱ्याच्या मनात यायलाच हवा. वसंत उत्तर गोलार्धात मार्च ते मे, दक्षिणेत सप्टेंबर ते नोव्हेंबर असं आपण ठरवून टाकलंय. कीटकांचं शरीर स्वतः उष्णता तयार करून स्थिर राखत नाही. बाहेर जेवढी ऊब, तेवढ्या वेगाने आतली वाढ. त्यामुळे त्यांच्यासाठी तारखेपेक्षा साठलेली ऊब महत्त्वाची असते. समजा, एखाद्या अंड्याची वाढ ५ अंश सेल्सिअसच्या खाली थांबते. दिवसाचं सरासरी तापमान १२ अंश असलं, तर त्या दिवशी ७ अंशांची जमा झाली. उद्या ९, परवा गारठा पडला म्हणून शून्य. ही बेरीज ठरावीक आकड्याला पोचली की अंडं फुटतं. बेरजेची ही कल्पना फ्रान्सच्या रेओम्यूरने १७३५ साली मांडली. माव्यावरचा प्रयोग करून बघ, असं बॉनेला सुचवणाराही तोच. नुसत्या ऊबेवर विसंबलं तर हिवाळ्यातल्या एखाद्या उबदार आठवड्यात फसगत होईल, म्हणून पुष्कळ कीटक दिवसाच्या लांबीवरही लक्ष ठेवतात आणि काहींना आधी पुरेशी थंडी सोसावीच लागते.

झाडाचीही अशीच बेरीज असते, पण तिचे आकडे वेगळे. दोन्ही बेरजा एकाच वेळी पूर्ण झाल्या, तर अळी बाहेर येते तेव्हा पालवी फुटलेली असते. हवामान बदललं की या दोन बेरजांची जुळणी बिघडू शकते. नेदरलँड्समध्ये ओकच्या झाडावर वाढणाऱ्या हिवाळी पतंगाच्या बाबतीत हे घडलं. वसंत लवकर तापू लागला तशी त्याची अंडी पालवी फुटण्याच्या कितीतरी आधी फुटू लागली. पान नाही म्हणजे अन्न नाही, त्या अळ्या थोड्याच दिवसांत उपाशी मेल्या. उशिरा फुटणारी अंडी तेवढी तगली, त्यांचीच प्रजा वाढली आणि काही वर्षांत अंडी फुटण्याची वेळ पुन्हा पालवीच्या जवळ सरकली. नैसर्गिक निवड माणसाच्या आयुष्यात बघायला मिळाल्याचं हे एक चोख उदाहरण आहे. प्रत्येक जातीला अशी सवड मिळेलच असं मात्र नाही, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली काळजीची जागा तीच आहे.

या गोष्टी कळतात त्या नोंदींमुळे. इंग्लंडमधल्या नॉरफक परगण्यात रॉबर्ट मार्शम नावाच्या गृहस्थाने १७३६ पासून वसंताच्या २७ खुणा लिहायला सुरुवात केली: पहिलं फूल, पहिलं पान, पहिला बेडूक. त्याच्या घराण्याने त्या नोंदी १९५८ पर्यंत चालू ठेवल्या. त्यांत खास उपकरण कुठलंच नव्हतं. तारीख, जागा आणि काय दिसलं एवढंच. आपल्या वहीतही तेवढंच पुरे. नाव माहीत नसलं तरी चालेल. "पानामागे पिवळी उभी अंडी, पंचवीसेक" ही नोंद नुसत्या नावापेक्षा जास्त कामाची ठरते.

बघताना पानं वाचायलाही शिकावं. पानावर नागमोडी पांढरी रेघ दिसते, ती नागअळीची. पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांमध्ये राहून ती मधला गर खात पुढे सरकते. रेघेचं बारीक टोक म्हणजे अळीचा जन्म, जाड टोक म्हणजे तिचं मोठेपण. मध्ये दिसणारी काळी रेघ तिच्या विष्ठेची. पान उजेडाकडे धरलं, तर अळी अजून आत आहे की निघून गेली तेही कळतं. गुलाबाच्या पानाच्या कडेला कंपासने काढल्यासारखे अर्धगोल कापलेले असतील, तर तो अळीचा उद्योग नाही. एकटी राहणारी, पानं कापणारी मधमाशी ते तुकडे नेऊन पोकळ काडीत आपल्या अंड्यांसाठी खोल्या बांधते. अशी पानं मी कधीच तोडत नाही.

आता भिंतीकडे वळू. ओल्या विटेवर किंवा कुंडीच्या कडेला हिरवी मखमल दिसते, तिला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. ती बहुतेकदा मॉस असते. पाणी वर नेणारी खरी मुळं तिला नाहीत. पानं बहुतांशी एकाच पेशीच्या जाडीची, त्यामुळे पाणी थेट पानातून आत जातं आणि तितक्याच सहज उडून जातं. मॉस कोरडी पडली की मरत नाही, थांबते. सुकून तपकिरी झालेल्या मॉसवर पाण्याचे दोन थेंब टाकून भिंगातून बघा. मिटलेली पानं मिनिटभरात उलगडताना दिसतात.

जी मॉस थांबू शकते, तिच्यात राहणाऱ्यांनाही थांबता यायला हवं. डेल्फ्टच्या लेवेनहुकने १७०२ साली घराच्या पन्हाळीतली सुकी माती कागदात ठेवून दिली आणि काही महिन्यांनी तीत पाणी घातलं. तासाभरात त्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली जीव हलू लागले. ते रोटिफर होते, डोक्यावर फिरत्या चाकासारखी केसांची झालर असलेले. जगाला चकित करणारा हा शोध घराच्या छपराच्या कडेला लागला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे १७७३ मध्ये जर्मनीच्या ग्योत्सेने जलअस्वल, म्हणजे टार्डिग्रेड, पहिल्यांदा वर्णन करून ठेवलं. आठ आखूड पाय, पायांना नख्या, डुलत डुलत चाल, आणि लांबी बहुतेकदा अर्ध्या मिलिमीटरच्या आत. पाणी संपलं की ते पाय आत ओढून गोळा होतं आणि त्याच्या शरीराचे व्यवहार जवळजवळ थंडावतात. अंटार्क्टिकातून १९८३ मध्ये आणून गोठवून ठेवलेली मॉस जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये वितळवली, तेव्हा तीतली जलअस्वलं तीस वर्षांनी चालू लागली. मात्र "जलअस्वल मरतच नाही" हे बोलणं चुकीचं आहे. हे सामर्थ्य सुकून किंवा गोठून थांबलेल्या अवस्थेतलं आहे. ओल्या मॉसमध्ये चालतं-फिरतं जलअस्वल कोणत्याही लहान जिवासारखंच नाजूक असतं.

ते बघायला भिंग पुरत नाही, चाळीसपट दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक लागतो. नखाएवढी मॉस बशीत पाणी घालून रात्रभर भिजवायची, सकाळी त्याच पाण्यात हलकेच पिळायची आणि तळाचा गाळ बघायचा. पहिल्याच थेंबात दिसेल असं नाही. रोटिफर आणि सूत्रकृमी मात्र जवळपास नेहमी भेटतात. बघून झालं की पाणी आणि मॉस जिथून आणली तिथेच परत ठेवायची.

भिंतीवरचे राखाडी-पिवळे चट्टे म्हणजे दगडफूल. बुरशी आणि शैवल यांचा तो जोडसंसार. बुरशी घर देते, शैवल साखर बनवतं. काही जाती वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत, म्हणून दगडावरचा हातभर चट्टा माणसापेक्षा वयाने मोठा असू शकतो. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत शहराच्या इतर भागांपेक्षा दगडफुलं जास्त आहेत हे १८६६ मध्ये निलांडर या वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवलं आणि त्याचा संबंध हवेच्या शुद्धतेशी जोडला.

त्याच उन्हातल्या भिंतीवर उडी मारणारा छोटा कोळी भेटतो, आणि माझ्यासाठी सगळ्यात जवळची ओळख त्याची. बाकीचे कोळी दबकून राहतात. हा मात्र वळून आपल्याकडे बघतो. पुढचे दोन मोठे डोळे बारकाईने बघण्यासाठी, बाकीचे सहा आजूबाजूची हालचाल टिपण्यासाठी. मोठ्या डोळ्याचं भिंग पुढे पक्कं बसवलेलं असतं, पण आतल्या लांब नळीच्या टोकाशी असलेला पडदा स्नायूंनी हलतो. म्हणून डोकं स्थिर असताना त्याच्या डोळ्याचा रंग कधी काळा, कधी फिकट भासतो. तो आपल्याला निरखत असल्याची ही खूण. तो पाय लांब करतो ते रक्ताच्या दाबाने, आणि प्रत्येक उडीआधी रेशमाचा एक धागा भिंतीला चिकटवून ठेवतो. नेम चुकला तर लोंबकळत परत चढता येतं. २०२२ मध्ये संशोधकांनी या कोळ्यांची पिल्लं रात्री धाग्याला टांगून झोपलेली चित्रित केली. पिल्लांची कातडी पारदर्शक, त्यामुळे आतले पडदे हलताना आणि पाय आखडताना दिसले, माणसाला स्वप्नं पडतात त्या झोपेसारखेच. त्यांना स्वप्नं पडतात की नाही, हे अजून कोणी सांगू शकलेलं नाही.

बघण्याच्या पद्धतीविषयी थोडं. भिंग डोळ्याला टेकवून धरायचं आणि वस्तू जवळ आणायची, किंवा आपणच वस्तूकडे वाकायचं. भिंग वस्तूजवळ धरून लांबून बघितलं की फक्त अस्पष्ट डाग दिसतो. आपली सावली जिवावर पडू देऊ नये, सावली पडली की सगळं पळतं. फांदीखाली पांढरा कागद धरून हलकेच टिचकी मारली, तर एवढे जीव पडतात की आधी दिसले कसे नाहीत याचं नवल वाटतं. पाहून झाल्यावर कागद त्याच फांदीला टेकवायचा. दगड उचलला, तर होता तसाच ठेवायचा. त्याखाली एक-दोन मिलिमीटरचे स्प्रिंगटेल असतात, पोटाखाली दुमडलेल्या शेपटीने उडणारे. एका चौरस मीटर चांगल्या मातीत ते हजारोंनी असतात आणि ओल गेली की तग धरत नाहीत.

माझा राखलेला शेंडा आता तिसऱ्या आठवड्यात आहे. पानं गडद आणि जाड झाली आहेत. गर्दी वाढली तशी माव्याच्या शेवटच्या पिल्लांना पंख फुटले आणि ती उडून गेली, पलीकडच्या कुठल्या तरी नव्या फुटीकडे. मुंग्यांचा रस्ता बंद झालाय. देठावर पांढरी कात, ढालकिड्याचा एक रिकामा कोष आणि फुगलेले सोनेरी मावे उरले आहेत. आज सकाळी मोजले तेव्हा अठरा होते. बारांना गोल, गुळगुळीत भोकं. चारांच्या कडा फाटक्या. दोन अजून बंद आहेत.